लिबरऑफिसमध्ये मराठी शुद्धलेखन तपासणी चालत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत लिहिणारे बरेच जण लाल रेघांना कंटाळून तपासणी कायमची बंद करून टाकतात. तसं करू नका. बहुतेक वेळा बिघाड शब्दकोशात नसतो. समोरचा मजकूर मराठी आहे हेच प्रोग्रॅमला कळलेलं नसतं, किंवा दिसायला बरोबर असलेला शब्द आतून वेगळ्या अक्षरांनी लिहिलेला असतो. हे दोन्ही दुरुस्त करता येतं. खालची उत्तरं लिबरऑफिस रायटरसाठी आहेत. मेनूंची नावं इंग्रजी इंटरफेसमधली आहेत. मॅकवर ‘टूल्स > ऑप्शन्स’ऐवजी लिबरऑफिसच्या मेनूतलं ‘प्रेफरन्सेस’ उघडावं लागतं, बाकी सगळं सारखंच.

मी मराठी लिहिलं की प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ येते. असं का?

सगळाच मजकूर लाल दिसत असेल तर त्यावर दुसऱ्याच भाषेचा शिक्का बसलेला आहे, बहुतेक वेळा हिंदीचा. मजकूर सिलेक्ट करा आणि खिडकीच्या तळाशी असलेल्या स्टेटस बारवर पाहा, तिथे भाषेचं नाव दिसतं. ‘हिंदी’ दिसलं तर कारण सापडलं. हिंदीचा शब्दकोश ‘आहे’ला चूकच म्हणणार.

‘टूल्स > लँग्वेज > फॉर ऑल टेक्स्ट’मध्ये जाऊन मराठी निवडा. यादीत मराठी नसेल तर ‘मोअर’ म्हणा, तिथे पूर्ण यादी मिळते.

हा झाला त्या फाइलपुरता उपाय. पुढच्या फाइलीत हाच त्रास नको असेल तर ‘टूल्स > ऑप्शन्स’ उघडा. त्यातल्या ‘लँग्वेज सेटिंग्ज > लँग्वेजेस’ या पानावर (नव्या आवृत्त्यांत ‘लँग्वेजेस अँड लोकेल्स > जनरल’) कागदपत्रांच्या डिफॉल्ट भाषांचे तीन रकाने आहेत: वेस्टर्न, एशियन आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. मराठीची जागा तिसऱ्या रकान्यात आहे. पुष्कळ जण वेस्टर्नमध्ये मराठी शोधतात आणि सापडली नाही की आपल्या भाषेला इथे जागाच नाही असं समजतात. लिबरऑफिस लिप्यांची वाटणी तीन गटांत करतं: रोमनसारख्या लिप्या पहिल्यात, चिनी-जपानी-कोरियन दुसऱ्यात, आणि अक्षरं जोडून किंवा जागा बदलून दाखवावी लागतात अशा देवनागरी, अरबी वगैरे तिसऱ्यात. तिसरा रकाना फिकट दिसत असेल तर आधी त्याच्यापुढची टिक लावा, मग मराठी निवडा. त्याच पानावर ‘फक्त सध्याच्या कागदपत्रासाठी’ अशा अर्थाची एक टिक आहे. ती चालू राहिली तर नवी फाइल उघडली की पुन्हा मूळ पदावर.

या वाटणीचा एक फायदाही आहे. मराठी वाक्यात रोमन लिपीत इंग्रजी शब्द आला तर तो पहिल्या गटात जातो आणि इंग्रजीच्या शब्दकोशानं तपासला जातो. एकाच ओळीत दोन भाषा निर्वेध तपासता येतात.

माझ्याकडे उलट झालंय. ढळढळीत चुका आहेत तरी एकही रेघ नाही, आणि एफ७ दाबलं की लगेच ‘तपासणी पूर्ण’ असा निरोप येतो.

हे जास्त धोक्याचं, कारण सगळं शुद्ध आहे असा समज होतो. आधी शिफ्ट आणि एफ७ दाबून पाहा, टाइप करता करता होणारी तपासणी त्यानं बंद-चालू होते. तरी रेघ येत नसेल तर स्टेटस बारवर काय लिहिलंय ते बघा. ‘नन’ असेल तर मजकुरावर ‘तपासू नका’ असा शिक्का आहे, तिथे मराठी निवडा.

भाषा मराठीच असेल तर मग शब्दकोशच बसवलेला नाही. शब्दकोश नसलेल्या भाषेचा मजकूर लिबरऑफिस गुपचूप सोडून देतं.

मराठीचा शब्दकोश बसलाय की नाही हे कसं ओळखायचं?

भाषांच्या त्याच यादीत काही नावांपुढे ए-बी-सी अक्षरं आणि बरोबरची छोटी खूण असते. ती असेल तर त्या भाषेचा शब्दकोश आहे. मराठीपुढे खूण नसेल तर लिबरऑफिसच्या एक्स्टेंशन्सच्या, म्हणजे वरून जोडायच्या पुरवण्यांच्या, संकेतस्थळावर मराठी शब्दकोश शोधून उतरवून घ्या. लिनक्सवाल्यांना तो आपल्या डिस्ट्रोच्या पॅकेजांतही मिळू शकतो, फेडोरात हनस्पेल-एमआर नावाचं पॅकेज आहे (हनस्पेल म्हणजे लिबरऑफिसमध्ये शब्द तपासणारा प्रोग्रॅम). मात्र लिबरऑफिस फ्लॅटपॅकमधून घेतलं असेल तर ते सिस्टीमच्या फोल्डरातल्या शब्दकोशापर्यंत पोचत नाही. तिथे एक्स्टेंशनच टाका.

खूण आहे पण तपासणी होत नाही, असं असेल तर ‘ऑप्शन्स’मधलं ‘रायटिंग एड्स’ पान उघडा. ‘हनस्पेल स्पेलचेकर’पुढे टिक हवी. शेजारच्या ‘एडिट’मध्ये जाऊन भाषा मराठी निवडा आणि तिथेही टिक आहे का पाहा.

एक्स्टेंशन टाकताना एरर येते, किंवा टाकूनही काही फरक पडत नाही.

उतरवलेल्या फाइलीचं नाव डॉट ओएक्सटीनं संपतं का ते पाहा. ओएक्सटी ही आतून झिप फाइलच असते, त्यामुळे काही ब्राउझर तिला झिप म्हणून साठवतात. अशा वेळी ती उलगडू नका, नावाचा शेवट बदलून ओएक्सटी करा आणि पुन्हा टाका. कार्यालयातल्या संगणकावर ‘सगळ्यांसाठी’ बसवायला ॲडमिनचे अधिकार लागतात. ‘फक्त माझ्यासाठी’ निवडलं की काम होतं. बसवल्यावर लिबरऑफिस पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. घड्याळाजवळच्या ट्रेमध्ये क्विकस्टार्टर चालू असेल तर खिडकी बंद केली तरी प्रोग्रॅम बंद झालेला नसतो, त्यामुळे तोही बंद करा.

एकाच फाइलीत काही परिच्छेद तपासले जातात, काही सुटतात.

सुटलेले परिच्छेद बहुधा दुसरीकडून चिकटवलेले असतात. वेबपानावरून किंवा ईमेलमधून मजकूर आणला की त्याची भाषाही सोबत येते. चिकटवताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि व्ही एकत्र दाबा, म्हणजे निव्वळ मजकूर येईल.

दुसरं कारण कीबोर्ड. विंडोजमध्ये हिंदी इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित कीबोर्ड-मांडणी) चालू असताना तुम्ही मराठी लिहिलंत तर रायटर कीबोर्डकडे बघून मजकुराला हिंदी ठरवतं. दोन्ही कीबोर्डांवरची बहुतेक अक्षरं जागच्या जागी असल्यानं लिहिणाऱ्याला पत्ताही लागत नाही. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड जोडून हिंदी काढून टाकणं उत्तम. हिंदीही लागत असेल तर भाषांच्या पानावरची ‘इग्नोर सिस्टीम इनपुट लँग्वेज’ ही टिक लावा.

भाषा मराठी केल्यावर अनेकांना आणखी एक बदल दिसतो: काही फाँटांत ल आणि श यांची वळणं बदलून मराठी होतात. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटात हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात आणि कोणतं दाखवायचं हे भाषेच्या शिक्क्यावरून ठरतं. तपासणीवर वळणाचा काहीही परिणाम होत नाही, अक्षराचा संकेतांक एकच असतो.

शब्द अगदी बरोबर लिहिलाय, शब्दकोशातही आहे, तरी लाल. हे कसं?

इथे जरा थांबून वाचा, कारण मराठी मजकुरात सर्वांत जास्त वेळ याच गोष्टी खातात. स्क्रीनवर सारखे दिसणारे दोन शब्द आत वेगवेगळे असू शकतात, आणि तपासणारा प्रोग्रॅम आतलं बघतो.

पहिला संशयित ‘ॲ’. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र द्यायचे, आणि अजूनही कित्येक कीबोर्डांवर तसंच लिहिलं जातं. ‘ॲप’ आणि ‘अॅप’ यांत डोळ्यांना फरक दिसणार नाही. कर्सर अक्षराच्या लगेच पुढे ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा, अक्षराच्या जागी त्याचा संकेतांक दिसेल. एकसंध अक्षर असेल तर यू+०९७२, दोन तुकडे असतील तर ०९०५ आणि ०९४५. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत येतं.

दुसरा विसर्ग. ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी कोलन दाबलेला असतो: ‘दु:ख’. छापील पानावर हे खपून जातं. प्रोग्रॅम मात्र एक तर तिथे शब्द तोडतो नाहीतर कोलनसकट शोधतो, आणि दोन्ही परींनी काही सापडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये विसर्ग शिफ्ट धरून हायफनच्या कळीवर आहे. जुनी फाइल दुरुस्त करताना सगळे कोलन सरसकट बदलू नका, खरे कोलनही मरतील. ‘दु:ख’, ‘अंत:करण’, ‘नि:शब्द’ असे शब्द एकेक करून बदला. ‘स्वत:’ मात्र डोळ्यांनी पाहूनच बदला, तिथे शेवटी खराच कोलन असू शकतो.

तिसरा, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांतून रूपांतरित मजकुरात भेटणारा: ‘कोण’मधला ओकार एक खूण म्हणून न येता काना आणि मात्रा अशा दोन खुणांनी येतो, ‘काेण’. काही फाँटांत तो हुबेहूब ओकारासारखा दिसतो. कंट्रोल-एच उघडा, ‘शोधा’च्या चौकटीत ती दोन खुणांची जोडी मजकुरातूनच कॉपी करून टाका आणि बदलून खरा ओकार द्या. एका फटक्यात शेकडो रेघा जातात.

चौथा रफाराचा भाऊ, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’मधला अर्धा र. तो दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ‘ऱ’ म्हणजे यू+०९३१ हे अक्षर, त्याला हलन्त, पुढे य. दोन, साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं अक्षर आणि मग य. युनिकोडनं मराठीसाठी पहिली पद्धत सुचवली आहे. शब्दकोशात एक पद्धत आणि तुमच्या मजकुरात दुसरी असेल तर ‘सुऱ्या’ लाल दिसतात, ‘कऱ्हाड’ लाल दिसतं. इनस्क्रिप्टमध्ये ऱ हा शिफ्ट आणि जे या कळीवर आहे, डी या कळीवर हलन्त. एकदा हाताला वळण लागलं की साध्या र इतकाच वेळ लागतो.

लाल रेघ आली तर निदान कळतं तरी. मजकूर इकडून तिकडे जाताना ते अदृश्य अक्षर गळून पडलं तर ‘सह्याद्रीच्या दऱ्या’चं ‘सह्याद्रीच्या दर्या’ होतं, आणि दर्या म्हणजे समुद्र, तो शब्दकोशात आहेच, म्हणून रेघ येत नाही. ‘आचाऱ्यांना पैसे दिले’चं ‘आचार्यांना पैसे दिले’ होतं, तिथेही तेच. असा मजकूर हाताळत असाल तर ‘रायटिंग एड्स’मध्ये नवा शब्दकोश तयार करताना त्यापुढची ‘एक्सेप्शन’ ही टिक लावा. त्यात टाकलेल्या शब्दांखाली, ते शुद्ध असले तरी, रेघ येते, आणि सोबत सुचवायचा शब्दही देता येतो. ‘दर्या’ टाका, सूचना ‘दऱ्या’ द्या. डोंगरदऱ्यांवरचं पुस्तक तपासताना याचा फार उपयोग होतो. फक्त ‘दर्यांमध्ये’, ‘दर्यांतून’ ही रूपं वेगळी टाकावी लागतात.

‘घर’ चालतं, ‘घराला’ चालतं, पण ‘घरासमोरच्यांनाही’ लाल. शब्दकोश अपुरा आहे का?

थोडासा. पण दोष यादी करणाऱ्यांवर टाकण्याआधी मराठी शब्दाची बांधणी पाहा. घर, त्याचं सामान्यरूप घरा, मग समोर, मग च्या, अनेकवचनाचा अनुस्वार, मग ना, शेवटी ही. इंग्रजीत यातला प्रत्येक तुकडा सुटा शब्द असता. आपण ते सगळं एका दमात, एकाच शिरोरेषेखाली लिहितो.

लिबरऑफिस, फायरफॉक्स आणि क्रोम तिघेही हनस्पेल वापरतात. हनस्पेल लास्लो नेमेथ यांनी हंगेरियन भाषेसाठी लिहिला, आणि हंगेरियनही प्रत्ययांवर प्रत्यय चढवणारी भाषा आहे, म्हणून तो आपल्याला त्यातल्या त्यात मानवतो. त्याला दोन फाइली लागतात. एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्यय लावायचे नियम. पण प्रत्यय सोलताना तो एकावर एक असे दोनच थर काढतो. मराठीच्या कोशकारांना मग ‘समोरच्यांनाही’ अशा जोडप्रत्ययांच्या लांबलचक याद्या आधीच करून ठेवाव्या लागतात. कुठलं तरी जोडकाम राहून गेलं की रेघ येते. तेव्हा लांब शब्दाखाली रेघ दिसली तर आधी त्याचा मूळ शब्द सुटा लिहून पाहा. मूळ शब्द बिनरेघेचा असेल आणि सामान्यरूप तुम्हाला बरोबर वाटत असेल, तर खुशाल पुढे जा.

मी ‘कोथरूड’ शब्दकोशात घातलं. आता ‘कोथरूडला’, ‘कोथरूडहून’, ‘कोथरूडच्या’ सगळं वेगळं घालायचं?

नाही, आणि ही सोय फार थोड्यांना माहीत असते. लिबरऑफिस ६.० पासून स्वतःच्या शब्दकोशात ‘ग्रामर बाय’ नावाचा दुसरा रकाना आहे. पहिल्या रकान्यात नवा शब्द लिहा, दुसऱ्यात ज्याच्यासारखा तो चालतो असा, मुख्य कोशात आधीपासून असलेला शब्द. त्या नमुन्याचे सगळे प्रत्यय नव्या शब्दाला लागू होतात.

दोन अटी आहेत. तुमचा शब्दकोश ‘ऑल’ म्हणजे सर्व भाषांसाठी नको, तो तयार करताना भाषा मराठी निवडलेली हवी. आणि नमुना विचारपूर्वक निवडा: लिंग तेच, शेवटचं अक्षर त्याच जातीचं, सामान्यरूप त्याच पद्धतीनं होणारं. ‘कोथरूड’साठी ‘घोडा’ चालणार नाही, ‘घोडा’चं ‘घोड्या’ होतं. आधी नमुना शब्दाची चार रूपं रायटरमध्ये लिहून बघा. तीच लाल येत असतील तर दुसरा नमुना शोधा. तुम्ही बसवलेल्या कोशात प्रत्ययांचे नियमच नसतील, नुसती शब्दांची यादी असेल, तर ही सोय काही करू शकत नाही.

‘कवि’, ‘गुरु’, ‘मति’ लाल का? संस्कृतात तर असंच लिहितात.

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ ला जोडलेले चार, मिळून अठरा, हेच मराठी शब्दकोशांचा पाया आहेत. त्यांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, मती. समासात तोच शब्द आधी आला की ऱ्हस्व: कविराज, गुरुदक्षिणा. ‘आणि’, ‘परंतु’, ‘तथापि’ अशी अव्ययं ऱ्हस्वच राहतात. संस्कृत उतारे देत असाल तर तेवढ्या मजकुराची भाषा संस्कृत करा.

‘केलं’, ‘झालं’, ‘सांगितलं’ यांखाली रेघा येतात.

कोश करणाऱ्यानं ‘केले, झाले’ एवढीच रूपं घेतलेली आहेत. अनुस्वाराची ही रूपं बोलीच्या लेखनात सर्रास चालतात, ती चुका नव्हेत. नेहमीची क्रियापदं स्वतःच्या शब्दकोशात एकदा घालून टाका.

अभंग आणि ओव्या असलेलं पान नुसतं लाल होतं.

जुन्या मराठीसाठी हा कोश नाहीच. एफ११ दाबून ‘ओवी’ अशी वेगळी परिच्छेद-शैली करा आणि तिच्या फाँटच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्टची भाषा ‘नन’ ठेवा. पुढे प्रत्येक ओवीला ती शैली दिली की झालं.

श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवमधली जुनी फाइल तपासता येईल का?

थेट नाही. त्या फाइलीत आतमध्ये रोमन अक्षरांचे संकेतांक असतात, फाँट त्यांना देवनागरीचा चेहरा देतो. प्रोग्रॅमला तिथे निरर्थक इंग्रजी दिसतं. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग वर सांगितलेल्या काना-मात्रेच्या जोड्या शोधा, त्यानंतरच तपासणी चालवा.

चुकून अशुद्ध शब्द ‘ॲड टू डिक्शनरी’ केला.

‘रायटिंग एड्स’मध्ये स्वतःचा शब्दकोश निवडा, ‘एडिट’ म्हणा, शब्द शोधून डिलीट करा. ‘इग्नोर ऑल’ केलं असेल तर ती यादी तात्पुरती असते, लिबरऑफिस बंद केलं की जाते.

उजवं क्लिक केल्यावर भलतेच शब्द सुचवले जातात.

सुचवण्याचं काम प्रत्ययांच्या फाइलीतल्या एका तक्त्यावर चालतं: ऱ्हस्व-दीर्घ, श-ष, न-ण अशा नेहमी गफलत होणाऱ्या जोड्या तिथे लिहिलेल्या असतात. तुमच्या कोशात तो तक्ता तोकडा असेल तर सूचना भरकटतात. सूचना चुकीची आली म्हणून रेघही चुकीची, असं धरू नका. आणि ‘चेंज ऑल’ डोळे मिटून दाबू नका.

तपासणी सुरू केली की प्रोग्रॅम गोठतो किंवा बंद पडतो.

‘हेल्प > रीस्टार्ट इन सेफ मोड’ घ्या. तिथे नीट चाललं तर गडबड एक्स्टेंशनमध्ये किंवा तुमच्या प्रोफाइलमध्ये आहे. आधी सगळी एक्स्टेंशन्स बंद करून पाहा. जमलं नाही तरच फॅक्टरी सेटिंग्जवर जा. त्याआधी एक काम न चुकता करा: विंडोजमध्ये ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरात लिबरऑफिस, त्यात ‘४’, त्यात ‘युजर’, आणि त्यात ‘वर्डबुक’ असा फोल्डर आहे, त्याची प्रत बाजूला ठेवा. आवृत्ती कितीही नवी असली तरी फोल्डरचं नाव ‘४’च असतं. तुम्ही वर्षानुवर्षं घातलेले शब्द तिथे आहेत.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये हेच करायचं असेल तर?

‘रिव्ह्यू > लँग्वेज > सेट प्रूफिंग लँग्वेज’मध्ये मराठी निवडा, आणि त्याच चौकटीतली ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’ ही टिक काढा. प्रूफिंग टूल्स नाहीत असा पिवळा पट्टा आला तर ती उतरवून घ्या. अॅ, विसर्ग आणि ऱ्य यांची भानगड तिथेही जशीच्या तशी आहे.

एकही रेघ उरली नाही. आता फाइल छपाईला पाठवू?

वाचल्याशिवाय नको. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’, ‘मिलन’ आणि ‘मीलन’ हे सगळे शुद्ध शब्द आहेत. ‘दीनदर्शिका’ लाल होईल, पण ‘जागतिक महिला दीन’मधल्या ‘दीन’कडे कुठलाही प्रोग्रॅम बोट दाखवणार नाही. ते काम मुद्रितशोधकाचं.

आमच्या दिवाळी अंकावर तिघेजण काम करतात. माझा शब्दकोश बाकीच्यांना कसा देऊ?

वर सांगितलेल्या ‘वर्डबुक’ फोल्डरात तुम्ही दिलेल्या नावाची डॉट डिक फाइल असेल. लिबरऑफिस बंद करून ती इतरांच्या ‘वर्डबुक’मध्ये ठेवा, मग त्यांच्या ‘रायटिंग एड्स’मध्ये तिच्यापुढे टिक लावा. अंकासाठी वेगळा शब्दकोश करा, ‘स्टँडर्ड’ या आधीपासून असलेल्या शब्दकोशात भर घालू नका, म्हणजे कुणाचे खाजगी शब्द त्यात मिसळत नाहीत. लेखकांची नावं, गावांची नावं आणि अंकानं ठरवलेली रूपं त्यात पहिल्याच दिवशी भरा. नवे शब्द एकानंच घालायचे आणि फाइल दर आठवड्याला बाकीच्यांना पाठवायची. तिघांनी तीन प्रती वाढवल्या तर त्या नंतर एकत्र करताना ‘ग्रामर बाय’चे नमुने हमखास आपटतात.